थपडेच्या आधीच्या आणि सासूच्या पलीकडच्या ललिता पवार

ललिता पवार (१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८) यांनी मूकपटात पाऊल टाकले तेव्हा भारतीय चित्रपटाला आवाज फुटला नव्हता, आणि दूरदर्शनच्या मालिकेत त्या आल्या तेव्हा घराघरात टीव्ही पोचू लागला होता. मधल्या साठ वर्षांत स्टंटपट, संतपट, ऐतिहासिक, सामाजिक, विनोदी, पौराणिक असा एकही प्रकार त्यांनी सोडला नाही. मराठीत केले, हिंदीत केले; नायिका केली, आई केली, खलनायिका केली, चित्रपटांची निर्मितीही केली. एवढा पल्ला गाठलेल्या नटीच्या वाट्याला मराठी माणसाच्या बोलण्यात काय आले? एक शिवी. वऱ्हाडात अकोल्याहून वाशिमच्या वाटेवर पातूर लागते. तिथल्या एखाद्या सुनेने शेजारणीजवळ सासूचे गाऱ्हाणे सांगताना नुसते ‘ललिता पवार’ म्हणावे, की शेजारणीला पुढचे काही सांगावे लागत नाही. पातूरचे हेच पुण्याचे, कोल्हापूरचे आणि मुंबईचेही. नाटक-सिनेमावर लिहिणाऱ्या जाणत्यांनी तरी याहून निराळे काही सांगावे, तर त्यांनी या शिवीलाच चरित्राचे रूप दिले.

ते रूढ चरित्र असे. १९४२ साली चित्रीकरणात एक थप्पड बसली, चेहरा वाकडा झाला, डोळा बारीक झाला आणि नायिकेची खलनायिका झाली. पुढे जन्मभर एकच कजाग सासू आलटून पालटून चालली. तिला अभिनय फारसा लागला नाही, त्या डोळ्यानेच काम भागवले. म्हातारपणी मंथरा मिळाली तीही त्याच शिक्क्यावर. यात अलीकडे आणखी एका आरोपाची भर पडली आहे. अशा सासवा रंगवून ललिता पवारांनी बाईलाच बाईची वैरीण ठरवले, असे तो आरोप म्हणतो. हे सगळे इतक्यांदा छापले आणि बोलले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. तपासले तर थपडेचा अपघात वगळता यातले एकही विधान टिकत नाही.

सुरुवात थपडेच्या आधीपासून करावी लागते, कारण रूढ चरित्र ही वर्षे दोन ओळींत गुंडाळते. जन्म येवल्याचा, नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. वडील रेशमी-सुती कापडाचे व्यापारी. अंबा लहानपणीच पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत आली आणि ‘अंबू’ या नावाने मूकपटांत दिसू लागली. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये ती आहे. मूकपटात शब्दाचा आधार नसतो. राग, लोभ, भीती हे सगळे चालण्यातून, मानेच्या वळणातून आणि हाताच्या बोटांतून सांगावे लागते. पुढे ललिता पवारांच्या खलभूमिकांत पदर खोचण्याची, मान कलती करून ऐकण्याची आणि बोलण्याआधी क्षणभर थांबण्याची जी ताकद दिसते, तिची तालीम या वर्षांत झाली. ज्यांना ती ताकद डोळ्यात दिसते, त्यांनी कधी हातांकडे पाहिले आहे का?

१९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. त्या वेळी वय सोळा. तीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला तो टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवरून. उमरावाने फसवलेली आणि पुढे खुनाच्या खटल्यात अडकलेली मोलकरीण त्या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. विशीतल्या मराठी नटीने स्वतःचे पैसे घालून असा विषय निवडला, ही गोष्ट एकट्यानेच सगळे रूढ चरित्र उलटवून टाकायला पुरेशी आहे. ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) सारख्या स्टंटपटांची त्या नायिका होत्या. मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’, पुढे ‘संत दामाजी’, ‘गोरा कुंभार’, आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (१९४१) हे सगळे थपडेच्या आधीचे किंवा त्या सुमाराचे काम. म्हणजे १९४२ उजाडले तेव्हा ललिता पवारांच्या गाठीशी मूकपट आणि बोलपट मिळून चौदा-पंधरा वर्षांचा अनुभव होता. एका अपघाताने ही नटी ‘घडली’ असे म्हणायचे, तर मग ही चौदा वर्षे कोणाच्या खाती मांडायची?

आता थप्पड. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना दृश्यात ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. ती गरजेपेक्षा जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगाचा झटका आला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार लांबले, डोळा कायमचा बारीक राहिला. अपघात भयंकर होता, आणि हेतुपुरस्सर नव्हता. त्याचे दुःख कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. थप्पड बसली म्हणून नायिकापद गेले आणि सासूपद आले, असे म्हणणाऱ्याने त्या पिढीतल्या इतर नायिकांकडे एकदा पाहावे. लीला चिटणीस १९३९ ते १९४१ या काळात ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांत अशोककुमारांच्या नायिका होत्या. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या आणि पुढे आईच राहिल्या. दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’च्या तारामती आणि ‘अमर ज्योती’च्या सौदामिनी. त्यांनाही पुढे आई, सासू, राजमाता याच भूमिका आल्या. ललिता पवारांच्याच वर्षी जन्मलेल्या शोभना समर्थ ‘रामराज्य’च्या (१९४३) सीता म्हणून देशभर पूजल्या गेल्या आणि दशक संपायच्या आत पडद्याच्या कडेला गेल्या. यांतल्या कोणाच्या थोबाडीत कोणी मारली होती? तिशी ओलांडलेल्या नायिकेला आईच्या रांगेत उभे करणे हा त्या धंद्याचा रिवाज होता. तो अजून पुरता मोडलेला नाही. त्या रिवाजाचा दोष एका अपघातावर ढकलला की धंदा सुटतो, आणि थपडेची गोष्ट इतकी लाडकी होण्याचे हेही एक कारण आहे.

अपघातानंतरचा ठळक चित्रपट म्हणजे प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४). त्यात ललिता पवार आनंदीबाई आहेत. प्रभातसारखी कंपनी एका जखमी नटीवर दया म्हणून नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या कथेतली मध्यवर्ती स्त्री सोपवील का? आनंदीबाई ही सासू नव्हे. शनिवारवाड्यातल्या सत्तेच्या खेळात नवऱ्याला पुढे सरकवणारी, त्याच्या कच्च्या मनाची किंमत ओळखलेली ती बाई. मराठी मनाने आख्यायिकेतल्या एका अक्षराच्या फेरफारावर तिला कायमची दोषी ठरवले आहे. ती भूमिका नुसते दात-ओठ खाऊन केली असती तर गजानन जागीरदारांच्या संयत रामशास्त्र्यांसमोर ती नाटकी आणि पोकळ दिसली असती. ललिता पवारांनी आनंदीबाईला बुद्धी दिली. पाहणाऱ्याला तिचा राग येतो, पण तिला मूर्ख म्हणता येत नाही. खलनायिकेची ललिता पवारांची रीत इथे पक्की झाली: जिला आपण करतो ते योग्यच आहे असे वाटते, अशी बाई उभी करायची.

याच रीतीने सासू आली. सोहराब मोदींपासून व्ही. शांताराम यांच्यापर्यंत त्या काळचे मोठे दिग्दर्शक सामाजिक प्रश्नांवर चित्रपट काढत होते, आणि हुंडा हा त्यांतला सर्वांत घरगुती आणि सर्वांत क्रूर प्रश्न होता. शांतारामांचा ‘दहेज’ आला १९५० मध्ये. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा व्हायला अजून अकरा वर्षे होती. जयश्री सून, पृथ्वीराज कपूर तिचे वडील, करण दिवाण नवरा आणि ललिता पवार सासू. सुनेच्या बापाने काय दिले आणि काय राहिले याचा हिशेब ती सासू विसरत नाही. सून मरेपर्यंत तो हिशेब चालतो. या भूमिकेत एक जरी हळवी जागा ठेवली असती, शेवटी सासूला पश्चात्तापाने रडवून प्रेक्षकाची सुटका केली असती, तर चित्रपटाचा दंशच गेला असता. ललिता पवारांनी ती सवलत घेतली नाही. स्वतःबद्दल प्रेक्षकाच्या मनात तिरस्कार उरू देण्याची तयारी फार थोड्या नटांत असते. ती तयारी ज्या नटीत होती, तिच्याच नावाची शिवी व्हावी?

इथे तो अलीकडचा आरोप येतो. कजाग सासू पडद्यावर आणून बाईला बाईची वैरीण ठरवले, असे म्हणणाऱ्यांना भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात घुमणारी भुलाबाईची गाणी ऐकवावीत. पातूर, बाळापूर, अकोट, दर्यापूर, कोणत्याही गावात संध्याकाळी मुली भुलाबाईभोवती बसून ती म्हणतात आणि खिरापत वाटतात. त्यांत सासू आहे, आणि ती गोड नाही. माहेरी जायला निघालेल्या सुनेला ती आधी कारल्याचे बी पेरायला लावते, मग वेल वाढू दे म्हणते, मग कारली लागू देत, मग शिजू देत, मग जेवू देत म्हणते. आठ-दहा वर्षांच्या मुलीही ते हसत हसत म्हणतात, कारण त्यांच्या आईने, आजीने आणि पणजीने ते सोसलेले आहे. ही सासू ललिता पवारांनी जन्माला घातली का? उलट पिढ्यान्‌पिढ्या गाण्यात नाव नसलेल्या, चेहरा नसलेल्या त्या बाईला त्यांनी चेहरा दिला, आणि तो चेहरा इतका खरा होता की घराघरातल्या सुनांना आपलीच सासू पडद्यावर दिसली. अत्याचार दाखवणाऱ्यावर अत्याचाराचा ठपका ठेवायचा असेल, तर आधी भुलाबाईची गाणीही बंद करावी लागतील.

आणखी एक गोष्ट हे आरोप करणारे नजरेआड करतात. ललिता पवारांच्या सासवा नुसत्या दुष्ट नाहीत. त्यांच्या हाती घराच्या किल्ल्या आहेत आणि त्या किल्ल्या जाण्याची धास्तीही आहे. एकत्र कुटुंबात बाईला सत्ता मिळते ती उशिरा, मुलाच्या लग्नानंतर, आणि ज्या दिवशी ती मिळते त्याच दिवशी ती काढून घेणारी दुसरी बाई उंबरा ओलांडून आत येते. ही रचना पुरुषांनी बांधलेली आहे, तिच्या दोन टोकांना उभ्या केलेल्या बायका एकमेकींवर तुटून पडतात. चांगली नटी हे भाषणाने सांगत नाही, ती किल्ल्यांच्या जुडग्यावरचा हात दाखवते.

तरीही सासू हा एकूण कामाचा एक भाग आहे, आणि ‘एकच भूमिका’ हा दावा तर वर्षवार पाहताच कोसळतो. १९५२ च्या ‘दाग’मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या, मातीची खेळणी विकणाऱ्या शंकरची त्या आई आहेत. मुलाच्या व्यसनाखाली हळूहळू खचत जाणारी ही बाई अंगावर ओरडत नाही, सोसते. शंकर म्हणजे दिलीपकुमार. वयाने ते ललिताबाईंहून सहाच वर्षांनी लहान होते. ‘दाग’साठी दिलीपकुमार यांना फिल्मफेअरचा पहिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो त्या अभिनयाला साजेसाच होता. पण समोर तशी आई नसती तर मुलाच्या अपराधाचे ओझे प्रेक्षकाला कशावरून कळले असते?

१९५५ हे एकच वर्ष घ्यावे. राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये त्या गंगामाई आहेत, मुंबईच्या रस्त्यावरची केळेवाली. अलाहाबादहून आलेला भोळा राज तिच्याशी केळ्यांच्या भावाची घासाघीस करतो आणि उलटा हिशेब करून स्वतःचेच नुकसान मागून घेतो. हे दृश्य थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्यांदा गंगामाईच्या तोंडावर धंदेवाल्या बाईची खेकसणारी सवय आहे. मग हा पोरगा चेष्टा करतो की खरेच भोळा आहे, याचा अंदाज घेणारी नजर. मग हसू, आणि त्या हसूतूनच पुढच्या ममतेची सुरुवात. हे तीन टप्पे काही क्षणांत होतात, आणि त्यांच्यामध्ये कुठे सांधा दिसत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्या त्या सगळ्या माणसांची ती आई होते, तीही अश्रूंच्या धारांशिवाय. हा तोच चेहरा, तोच बारीक डोळा.

त्याच वर्षी गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या सीतादेवी होतात. श्रीमंत, शिकलेली, स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा गाजवणारी, पुरुषमात्राचा तिटकारा असलेली आत्या. भाचीला वारसा मिळावा म्हणून ती एका बेकार व्यंगचित्रकाराशी तिचे कागदोपत्री लग्न लावते आणि लगेच घटस्फोटाची तयारी करते. या चित्रपटाचे बाईच्या हक्कांबद्दलचे मत मागासलेले आहे, आणि सीतादेवीशी तो न्यायाने वागत नाही. ललिता पवार मात्र वागतात. त्यांची सीतादेवी हास्यास्पद होत नाही. तिच्या ताठ मानेत तिच्या विचारांचा मान राखलेला आहे. फुटपाथवरची केळेवाली आणि बंगल्यातली ही बाई एकाच वर्षी उभ्या करणारी नटी ‘एकाच साच्याची’ ठरते कशी?

१९५९ मध्ये अंतर आणखी वाढते. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या सोवळ्या घरातली वडीलधारी आत्या. अस्पृश्य आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, उपेन-चारूने घरात वाढवलेल्या मुलीचा विटाळ तिला सोसत नाही, आणि अधीरचे लग्न घरच्या लेकीशी म्हणजे रमाशी व्हावे असे तिला वाटते. ही बाई कर्कश नाही. ती देवधर्म करणारी, पाहुण्यांत मान असणारी बाई आहे, आणि तिची जातीची घाण इतकी सहज, इतकी सभ्य आहे की अंगावर काटा येतो. वऱ्हाडातल्या किंवा देशावरच्या कोणत्याही जुन्या वाड्यात तिला ओळखणारे लोक सापडतील. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त त्या मिसेस डिसा. मुंबईची ख्रिस्ती घरमालकीण, अंगात झगा, तोंडात तोडकीमोडकी हिंदी, भाडेकरूवर रागावणारी आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी. शेवटी औषध कंपनीच्या विषारी औषधाने तिचा बळी जातो. येवल्याच्या मराठी घरात वाढलेल्या बाईने वांद्र्याच्या ख्रिस्ती मालकिणीचा हेल, बसणे-उठणे, देवावरची श्रद्धा इतकी आत्मसात केली की सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. बारा वर्षांनी ‘आनंद’मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना इस्पितळाची मेट्रन केले आणि तिचेही नाव डिसाच ठेवले. एखाद्या दिग्दर्शकाने नटीला दिलेला याहून स्पष्ट मान कोणता?

डोळ्याचा मुद्दा इथे कायमचा मिटायला हवा. ‘सुजाता’तली सोवळी आत्या आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा यांना एकच डोळा आहे. एकीत तो डोळा माणसाला हाताच्या अंतरावर ठेवतो, दुसरीत तोच डोळा मिश्कील, ओलसर, मायाळू दिसतो. फरक डोळ्यात नसेल तर कुठे आहे? अभिनयात. ज्यांना त्यांच्या खलनायिकांत केवळ शारीरिक व्यंगाचा उपयोग दिसतो, त्यांना मिसेस डिसाबद्दल काही सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते तिचा उल्लेख टाळतात.

१९६१ हे वर्षही असेच. ‘मेमदीदी’ या चित्रपटात त्या स्वतःच मेमदीदी आहेत, म्हणजे चित्रपटच त्यांच्या भूमिकेच्या नावाचा. वस्तीत राहायला आलेली एक वृद्ध बाई, तिच्यापुढे वितळणारे डेव्हिड आणि जयंत हे दोन दांडगे आणि बाहेर शिकणारी मुलगी तनुजा. चाळिशी ओलांडलेल्या, चेहऱ्यावर अपघाताची खूण असलेल्या नटीभोवती हिंदीत आख्खा चित्रपट रचला गेला, ही गोष्ट आजही दुर्मिळ आहे. ‘जंगली’त त्याच वर्षी घरात हसायलाही बंदी करणारी शम्मी कपूरची करडी आई, ‘हम दोनो’त मेजरची आई, आणि बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये मंथरा. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही १९६१ चाच. एका वर्षात एवढ्या बायका!

पुढच्या वर्षीच्या ‘प्रोफेसर’बद्दल जरा जास्त सांगायला हवे, कारण विनोदी ललिता पवार हा विषय जवळजवळ विसरला गेला आहे. सीतादेवी वर्मा ही भाच्यांवर कडक पहारा ठेवणारी, प्रेमाचे नाव काढू न देणारी प्रौढ बाई. तरुण शम्मी कपूर दाढी लावून म्हातारा प्राध्यापक बनून घरात शिरतो, आणि सीतादेवीला त्या म्हाताऱ्याची ओढ लागते. या वयात लाज वाटणे, आरशासमोर रेंगाळणे, नोकरांनी पाहू नये म्हणून घाईने गंभीर होणे, हे सगळे हसवते. दुसऱ्या कोणीही हे नुसते हास्यास्पद केले असते. ललिता पवारांनी त्यात एकटेपण ठेवले. प्रेक्षक हसत असताना त्याला जाणवत राहते की या बाईवर आजवर कोणी प्रेम केलेले नाही, आणि आता जे मिळते आहे तेही सोंग आहे. हिंदी चित्रपटात प्रौढ स्त्रीच्या प्रेमाला एवढ्या सन्मानाने क्वचितच जागा मिळाली आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. सत्तरच्या दशकापासून पुढे पुष्कळ निर्मात्यांनी त्यांना ठरलेल्या सासवा दिल्या, आणि त्यांनी त्या केल्या. ‘सौ दिन सास के’ (१९८०) हे त्याचे ठळक उदाहरण. पण हा दोष कोणाचा? मेमदीदीसारखी दुसरी भूमिका लिहायला कोणी पुढे आले नाही. पोटासाठी काम करणाऱ्या नटीने घरी बसून लेखकांच्या कल्पनाशक्तीची वाट पाहावी, असे पुरुष नटांच्या बाबतीत कोणी म्हणत नाही.

मग दूरदर्शन. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी साडेनऊला लागत असे, ७८ भागांत. तेव्हा पातूरसारख्या गावात टीव्ही मोजक्या घरांत. रविवारी त्या घरांच्या ओसरीत शेजारपाजारची माणसे दाटीने बसत, काही जण हात जोडून. अशा भाविक प्रेक्षकांपुढे मंथरा करणे म्हणजे थेट शापाला सामोरे जाणे. सत्तरीतल्या ललिता पवारांनी ते पत्करले. ‘जुन्या शिक्क्यावर मिळालेले उरलेसुरले काम’ असे याला म्हणणाऱ्यांनी ती दृश्ये पुन्हा पाहावीत.

मंथरा ही कैकेयीबरोबर केकय देशातून, म्हणजे माहेरून आलेली दासी. तिला अयोध्येत स्वतःचे कोणी नाही. कैकेयीचा मान तो तिचा मान. राम राजा झाला तर कौसल्या राजमाता होईल, कैकेयी मागे पडेल, आणि कैकेयीची दासी कोणाच्याही खिजगणतीत राहणार नाही. वाल्मीकींनी हा सगळा हिशेब अयोध्याकांडात नीट मांडला आहे. रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आधी आनंदते, दासीला दागिना काढून देते. मंथरेला त्या आनंदाचाच आधी भेद करावा लागतो. ललिता पवारांची मंथरा म्हणून एकदम विष ओतत नाही. ती आधी दुखावते, मग काळजी दाखवते, मग भीती घालते, आणि दोन वरांची आठवण सर्वांत शेवटी काढते. पद्मा खन्नांची कैकेयी राणी आहे, देखणी आहे, वरचढ आहे. तरी तिचे मन वळताना दिसते, ते वाकलेल्या पाठीच्या या म्हातारीच्या आवाजाच्या चढउताराने. मूकपटातून आलेली नटी छोट्या पडद्याच्या जवळच्या दृश्यांत इतकी सहज वावरते, याचे श्रेय तरी डोळ्याला देऊ नये.

याच टीव्हीवर पुढे सासवांचा पूर आला. भरजरी साड्या, कपाळभर टिकली, प्रत्येक वाक्यानंतर तीन वेळा तोंडावर धावून जाणारा कॅमेरा आणि ढोल. त्या सासवांना ललिता पवारांच्या वारसदार म्हटले जाते. हा त्यांच्यावर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. ललिता पवारांच्या सासूला घर होते, स्वयंपाकघर होते, पैशाची चणचण होती, शेजारी काय म्हणतील याची भीती होती. या नव्या सासवांना फक्त कारस्थान आहे. एकीकडे बाईच्या जगण्याचा अभ्यास, दुसरीकडे नुसता भडकपणा. या दोहोंत नाते लावणारा माणूस सासू ओळखत नाही आणि अभिनयही ओळखत नाही.

ललिता पवारांचे निधन पुण्यात औंध येथे २४ फेब्रुवारी १९९८ रोजी झाले. अखेरचे आजारपण कर्करोगाचे होते. त्या आजाराचे आणि एकाकी शेवटाचे नातेही काही जण पडद्यावरच्या पापांशी जोडतात, जणू मंथरेला मिळालेली ही शिक्षा. असे बोलणे अडाणीपणाचे आहे आणि निर्दयपणाचेही. कर्करोग भूमिका पाहून माणूस निवडत नाही. रावण करणाऱ्या नटाच्या आजारात कोणाला पाप दिसत नाही, मंथरा करणाऱ्या बाईच्या आजारात दिसते, यात नटीपेक्षा बोलणाऱ्याचेच मन उघडे पडते.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि मोबाइलवर वाढलेल्या पिढीला ललिता पवार भेटल्या, त्या पुन्हा मंथरा म्हणूनच. त्या पिढीच्या हाती ‘अनाडी’, ‘मेमदीदी’, ‘सुजाता’, ‘श्री ४२०’ आणि ‘प्रोफेसर’ एका बोटाच्या अंतरावर आहेत. सोळाव्या वर्षी चित्रपटाची सहनिर्माती झालेली, टॉलस्टॉयवर बोलपट काढलेली, आनंदीबाईपासून मिसेस डिसापर्यंत एवढ्या निरनिराळ्या बायका स्वतःच्या देहातून उभ्या केलेली ही नटी भारतीय अभिनयाच्या पहिल्या रांगेतली आहे. थप्पड तिच्या आयुष्यातला एक अपघात होता आणि सासू तिच्या कामाचा एक भाग. जो कोणी तिचे चरित्र यापुढे लिहील, त्याने ते येवल्यापासून आणि १९२८ पासून लिहावे.